28,400 रुपयांत गेमिंग पीसी : दुकानदार आय-सेव्हन देतोय, घेऊ का?

चंद्रभागाकाठचा
11 जून 2025, रात्री 11.20

नमस्कार मंडळी,

पंढरपूरला एका डीटीपी-फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. वय 22. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दशक्रियाविधी, आणि सध्या रोज सहा-सात "वारकऱ्यांचे हार्दिक स्वागत". नेत्याचा फोटो विठोबापेक्षा लहान दिसू नये, एवढीच सूचना असते. आषाढी 6 जुलैला आहे, त्यामुळे दिवसा श्वास घ्यायला सवड नाही. हे रात्री गच्चीवर बसून मोबाइलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

यंदाच्या लग्नसराईत दुकान बंद झाल्यावर मालकांना विचारून तिथंच बसलो आणि बाहेरच्या पत्रिका केल्या. नगाला साडेतीनशेच्या आसपास सुटायचे. ऐंशी पत्रिका झाल्या आणि 28,400 रुपये जमले. (आईला 20,000 सांगितलंय.) त्यात पीसी करायचाय.

व्हॅलोरंट आणि जीटीए 5, हे दोन नीट चालले तरी बास. व्हॅलोरंट आजवर कॅफेत तासाला 40 रुपये देऊन खेळलो. जीटीएची गोष्ट जरा वेगळी आहे. लॉकडाऊनमध्ये मे 2020 ला एपिक या ऑनलाइन गेम-दुकानवाल्यांनी ती फुकट वाटली होती. मी तेव्हा बारावीला जाणार होतो. घरात कॉम्प्युटर नव्हता, पण मोबाइलवरून अकाउंट काढून गेम घेऊन ठेवला. पाच वर्षं झाली, गेम माझ्या नावावर आहे आणि एकदाही उघडलेला नाही. शिवाय पत्रिका ज्यात करतो ते कोरलड्रॉ घरी चाललं तर पुढच्या सीझनला रात्री दुकानात डास मारत बसायला नको.

जवळ काय आहे : दुकानातून मिळालेला 18.5 इंची जुना मॉनिटर (1366 बाय 768, मागं फक्त व्हीजीएचं भोक), कीबोर्ड, माउस, 500 जीबीची जुनी हार्ड डिस्क.

इथल्या एका दुकानदाराने 24,500 सांगितलेत. आय7 प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 4 जीबीचं ग्राफिक कार्ड, 512 ची एसएसडी, 450 वॅटचा एसएमएस, आणि काचेचं कॅबिनेट, त्यात चार रंगीत पंखे. म्हणाला, "आय-सेव्हन आहे, डोळे झाकून घे." मित्र म्हणतोय घेऊन टाक, वर चार हजार राहतात, त्यात खुर्ची येईल. मला कुठंतरी खटकतंय, पण काय खटकतंय ते सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

---

सोल्डरगन
12 जून 2025, सकाळी 8.05

आधी एक. तो एसएमएस नव्हे, एसएमपीएस, मशीनला वीज पुरवणारा डबा. माझ्याकडंही निम्मे लोक एसएमएसच म्हणतात. त्यात लाजायचं काही नाही, पण दुकानात म्हणालास की समोरचा तुझं माप काढतो.

मी मिरजेत रिपेअरिंग करतो, वीस वर्षं व्हायला आली. तू जी यादी दिलीस तसली मशीन महिन्याला दोन-तीन तरी माझ्या टेबलावर येतात. तुला जे खटकतंय ते असं आहे की, त्या यादीत एकाही वस्तूचं पूर्ण नाव नाही. आय7 म्हणजे कुठला? रॅम कुठली? कार्ड कुठलं? जा आणि फक्त मॉडेल नंबर लिहून दे म्हण. वहीच्या पानावर चालेल. मग इथं टाक.

---

चंद्रभागाकाठचा
12 जून 2025, रात्री 10.45

काका, लिहून द्यायला कंटाळा करत होता. "तुला नंबर खेळायचाय का गेम?" असं म्हणाला. शेवटी डब्यांचे फोटो काढून आणले. आय7-2600. रॅम डीडीआर3. कार्ड जीटी 730, 4 जीबी, डीडीआर3, 64 बिट असं खोक्यावर बारीक अक्षरात आहे. एसएमपीएसवर कंपनीचं नाव वाचता येत नाही, पण 450W मोठ्ठं आहे.

---

सोल्डरगन
13 जून 2025, सकाळी 7.50

आता बोलू.

आय7-2600 हा 2011 सालचा प्रोसेसर. तू तेव्हा आठ वर्षांचा होतास. त्या काळी राजा होता, कबूल. पण आय3, आय5, आय7 हे हुद्दे आहेत, आणि हुद्दा त्या-त्या पिढीपुरता असतो. निवृत्त तहसीलदाराला आजच्या तलाठ्याइतकाही सातबारा काढता येत नाही. शिवाय 2013 नंतर प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स2 नावाची सोय आली. काही नवे गेम ती नसेल तर उघडतच नाहीत. 2600 मध्ये ती नाही.

आता कार्ड. "4 जीबी" ऐकून लोक भुलतात. कार्डावरची मेमरी म्हणजे पाण्याची टाकी समज. टाकी मोठी, पण नळ किती इंची? 64 बिट डीडीआर3 च्या जीटी 730 चा नळ सेकंदाला 14.4 जीबीचा. त्याच 4 जीबीच्या जीटीएक्स 1650 चा, पहिल्या जीडीडीआर5 वाल्या आवृत्तीत, 128 चा. जवळजवळ नऊपट. टाकी सारखीच. 730 ला एवढी मोठी टाकी लावण्याचं कारण एकच, खोक्यावर 4 हा आकडा छापता येतो.

आणि तो एसएमपीएस. हे नीट वाच, कारण माझी निम्मी कमाई यातून येते. पुढच्या वेळी स्टिकरवरचा मोठा आकडा बघू नको. खाली एक तक्ता असतो, त्यात +12V च्या खाली किती अँपिअर ते बघ. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही 12 व्होल्टवर जेवतात. 12 गुणिले तो आकडा म्हणजे खरा जोर. माझ्याकडं परवा आलेल्या "450 वॅट"वाल्यावर 14 अँपिअर होते. 12 चौदं 168 वॅट. बाकीचे वॅट कुठं गेले ते छापणाऱ्याला ठाऊक. हातात घेऊन वजन कर, नारळाएवढाही भरत नाही. असला एसएमपीएस मरतो तेव्हा एकटा मरत नाही, मदरबोर्डाला बरोबर घेऊन जातो.

तर 24,500 मधले निम्मे पैसे त्या काचेचे आणि रंगीत पंख्यांचे आहेत.

माझं म्हणणं असं : तुझ्याकडं आज कार्डाचे पैसे नाहीत, तर कार्ड घेऊच नको. रायझन 5 5600जी घे. त्यात सहा कोअर आणि आतच वेगा ग्राफिक्स आहे. ए520 चा मदरबोर्ड घे, पण मागं व्हीजीए पोर्ट असलेला बघून घे. बऱ्याच ए520एम बोर्डांना अजून असतो, तुझा मॉनिटर तसाच चालेल. मॉनिटर 768 चाच आहे हे तुझ्या पथ्यावर पडतंय. फुल एचडीत वीस लाखांवर ठिपके रंगवावे लागतात, तुझ्यावर साडेदहा लाख. आतलं ग्राफिक्स तेवढं ओढतं. नंतर तुळशीचं लग्न झालं की तुझा सीझन सुरू, तेव्हा कार्ड टाक. बोर्ड, रॅम, एसएमपीएस काही बदलावं लागणार नाही.

दोन अटी. रॅम 16 ची एक पट्टी घेऊ नको, 8-8 च्या दोन घे. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं. डीडीआर4 3200 ची एक पट्टी 25.6 जीबी देते, दोन लावल्या की 51.2. एकाच पट्टीवर गेम चालवशील तर एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, दणकून पडतील आणि मग मला शिव्या देशील. दुसरी अट, प्रोसेसर बॉक्समधला घे. "ट्रे" म्हणून सुटा स्वस्तात देतात, त्याला कंपनीची वॉरंटी मिळत नाही आणि बरोबर पंखाही येत नाही.

डीडीआर4 चे भाव याच महिन्यात चढायला लागलेत. रॅम आधी उचल.

---

पुनर्जन्म_पीसी
13 जून 2025, दुपारी 1.30

मी जरा वेगळं सांगते. सोल्डरगन काकांचं एसएमपीएसबद्दलचं सगळं मान्य, पण पैसे मोजून एफपीएस मोजायचे असतील तर नवीन घेण्यात अर्थ नाही. मी पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे. आमच्यासारख्या ऑफिसांमधून तीन-चार वर्षं झाली की मशीन लॉटने बाहेर पडतात, तीच रिफर्बिश होऊन विकली जातात. मी भावासाठी आय5-8500 वाला टॉवर 13,500 ला घेतला. आठवी पिढी, सहा कोअर, सोबत 16 जीबी रॅम. त्यात वापरलेलं जीटीएक्स 1650 टाकलं, 7,000 ला, बिलासकट. बाहेरून वेगळी वायर न लागणारं मॉडेल मुद्दाम शोधलं. ते कार्ड 75 वॅटचं आहे, स्लॉटमधूनच वीज घेतं. एकूण 20,500. तुझ्या 5600जी च्या आतल्या ग्राफिक्सपेक्षा गेममध्ये हे जवळपास दुप्पट पळेल.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे तू करणार नाहीस. टॉवरच्या आधी मी त्याच्यासाठी स्वस्त मिळाला म्हणून छोटा डबा घेतला होता. एसएफएफ म्हणतात त्याला, वहीच्या गठ्ठ्याएवढा. फोटोत सगळे सारखेच दिसतात. घरी कार्ड आलं, उघडलं, तर कार्डाची उंची डब्याच्या रुंदीपेक्षा जास्त. त्यात फक्त लो-प्रोफाइल कार्ड बसतं, अर्ध्या उंचीचं. ते कार्ड अडीच महिने माझ्या साड्यांच्या कपाटात होतं. आई विचारायची हे काय, मी म्हणायचे भावाचं भविष्य.

आणि आठवी पिढी किंवा पुढचीच बघ. सहावी-सातवी स्वस्त मिळते, पण विंडोज 11 च्या यादीत आठवीपासून आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपतोय.

---

सोल्डरगन
13 जून 2025, रात्री 9.10

ताईंचं बरोबर आहे. आजचे एफपीएस मोजले तर त्यांची मशीन जिंकते, वाद नाही. माझी अडचण पुढची आहे. त्या ब्रँडेड टॉवरचा एसएमपीएस आणि बोर्डाचा कनेक्टर बऱ्याचदा त्यांचा त्यांचाच असतो, बाजारातला 24 पिनचा बसत नाही. एक गेला की तसलाच शोधा. पुण्यात सापडतो, पंढरपुरात नाही. पण जवळपास खरा टॉवर मिळाला, समोर उघडून चालू करून दाखवला, तर घे. न बघता कुरिअरने मागवू नको.

---

जुनाखेळाडू
13 जून 2025, रात्री 9.40

सगळे पीसीच्या मागं का? वापरलेला कन्सोल घे, टीव्हीला लाव, संपला विषय. जीटीए 6 पण त्यावरच येणार आहे, पीसीचं अजून जाहीर सुद्धा केलेलं नाही.

---

चंद्रभागाकाठचा
13 जून 2025, रात्री 11.55

जुनाखेळाडू दादा, कन्सोलवर कोरलड्रॉ चालत असेल तर सांगा. आणि आमच्या टीव्हीवर संध्याकाळी सात ते दहा आईची सत्ता असते.

सोल्डरगन काका, ताई, तुम्ही दोघांनी एवढं लिहिलंत, मला रडूच यायचं बाकी राहिलंय. रविवारी एसटीने सोलापूरला जाऊन बघतो. दोन ठिकाणी रिफर्बिश मिळतं असं कळलंय.

---

विचारवंत_बार्शी
14 जून 2025, सकाळी 10.15

28 हजारांत एखादा चांगला कोर्स झाला असता. गेम खेळून पोट भरतं का?

---

पुनर्जन्म_पीसी
14 जून 2025, सकाळी 10.40

दादा, ऐंशी पत्रिका रात्री जागून त्याने केल्यात, तुम्ही नाही.

---

चंद्रभागाकाठचा
15 जून 2025, रात्री 10.30

सोलापूर झालं. ताई, तुमची आठवण आली. दोन्ही दुकानांत मिळून बावीस मशीन मोजली, त्यातली एकवीस वहीच्या गठ्ठ्याएवढी. टॉवर एकच होता, तोही सहाव्या पिढीचा. दुकानदार म्हणाला, "ऑफिसवाले आता टॉवर घेतच नाहीत, जागा खातो." लो-प्रोफाइलचं 1650 विचारलं तर म्हणाला, मिळतं, पण साध्यापेक्षा महाग, आणि आत्ता नाही.

म्हणून काकांच्या वाटेने जातोय. तिथंच शेजारी नवीन पार्टचं दुकान होतं, भाव घेऊन आलो. जीएसटीसकट पक्कं बिल. 5600जी बॉक्स 10,900. ए520एम, व्हीजीए पोर्ट आहे, स्वतः वाकून बघितलं, 4,650. रॅम 8-8 च्या दोन, 3,600. आधी त्याने 16 ची एकच दाखवली, "तेवढंच पडतं" म्हणाला. मी म्हणालो, नळ अर्धा होतो. तो माझ्याकडं बघतच राहिला. एनव्हीएमई एसएसडी 500 जीबी 2,850. एसएमपीएस 450 वॅट, ब्रॉन्झवाला, 3,000. कॅबिनेट 1,850, काळं, पत्र्याचं, पंखा एक, रंग नाही. बेरीज 26,850.

त्या एसएमपीएसचा तक्ता वाचला काका. +12V ला 36 अँपिअर. बारा छत्तीस 432. वजन पण केलं, दोन्ही हातांत धरून. दुकानातलं पोरगं हसत होतं.

बोर्डाला बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, जुनं असेल तर 5600जी ओळखणार नाही असं कुठंतरी वाचलं. खरं आहे का?

---

सोल्डरगन
16 जून 2025, सकाळी 8.00

खरं आहे. ए520 बाजारात 2020 ला आला, 5600जी 2021 ला. फार दिवस पडून राहिलेला बोर्ड असला तर त्यात जुनं बायोस असू शकतं. आत्ताचा माल असेल तर चिंता नाही, पण पैसे देण्याआधी दुकानातच प्रोसेसर लावून डिस्प्ले दाखवायला लाव. अर्ध्या तासाचं काम आहे. चहा पाजेल वर.

प्रोसेसर बसवताना एक लक्षात ठेव. या एएम4 ला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, सॉकेटला नाही. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाला जुळव, खटका वर कर, आणि सोड. स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. दाबावा लागला म्हणजे चुकतंय. बसल्यावर खटका खाली. त्यांच्या पंख्याला पेस्ट लावूनच येते, वेगळी चोपडू नको.

---

चंद्रभागाकाठचा
15 जुलै 2025, रात्री 12.10

महिनाभर गायब होतो. आषाढीच्या दिवसांत दुकानातच झोपत होतो. पार्ट 22 जूनला आणले, पण खोकी पलंगाखाली तशीच. आई रोज झाडताना विचारायची, "हे वीस हजारांचं?" मी मान हलवायचो.

परवा जोडलं. काय काय झालं ते सविस्तर लिहितो, माझ्यासारख्या दुसऱ्याला उपयोग होईल.

पहिल्यांदा बटण दाबलं तर पंखे फिरले, स्क्रीन काळी. रॅम काढून लावली, तीनदा. रात्रीचा एक वाजला. शेवटी बोर्डाचं पुस्तक उघडून पहिल्या पानापासून वाचलं तेव्हा कळलं, 24 पिनच्या मोठ्या वायरशिवाय प्रोसेसरची वेगळी एक वायर असते, वरच्या डाव्या कोपऱ्यात. ती कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लपली होती. सोलापूरच्या दुकानात लावून दाखवलं होतं, पण तेव्हा मी चहा पीत होतो.

दुसरं. मित्राकडच्या पेनड्राइव्हने विंडोज 11 टाकलं. कोरल चाललं, सगळं चाललं, व्हॅलोरंट उघडलं की व्हॅन 9003 म्हणून एरर. व्हॅलोरंटला विंडोज 11 वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षेच्या सोयी लागतात. टीपीएम बायोसमध्ये चालूच होतं. सिक्युअर बूट चालू करायला गेलो तर विंडोजच सुरू होईना. कारण पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीचा होता आणि त्याने एसएसडी एमबीआर या जुन्या मांडणीत करून ठेवली होती. पुन्हा सगळं पुसलं, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू करायची सोय) बंद केलं, जीपीटी या नव्या मांडणीत करून नव्याने टाकलं. मग झालं. आणि रॅम 2666 वर चालत होती, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केल्यावर 3200 झाली. हे दुकानात कुणीच सांगत नाही.

तिसरं जरा घाबरवणारं. आम्ही जुन्या वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहतो. अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. जोरात नाही, पण येतात. टेस्टर लावला तर मंद पेटतो. एसएमपीएस खराब आहे का काका?

एफपीएस सांगायचे राहिले. व्हॅलोरंट लो सेटिंगवर दीडशेच्या वर दाखवतंय. मॉनिटर 60 हर्ट्झचा आहे त्यामुळे दिसतात साठच, पण कॅफेतल्यापेक्षा मऊ वाटतं. जीटीए अजून नाही. शंभर जीबीच्या वर डाउनलोड आहे आणि माझ्याकडं रोजचा दोन जीबीचा पॅक. हिशोब केला, दोन महिने लागतील.

---

सोल्डरगन
15 जुलै 2025, सकाळी 7.40

एसएमपीएस चांगला आहे, घराला अर्थिंग नाही. वाड्यात तिसरं भोक असतं, त्याच्या मागं वायर नसते. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोघांचं दुसरं टोक अर्थला म्हणजे कॅबिनेटच्या पत्र्याला. अर्थिंग असेल तर तिथून जे थोडं झिरपतं ते जमिनीत जातं. नसेल तर पत्रा मधेच लोंबकळत राहतो, 230 च्या निम्म्यावर. करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या मुंग्या. पण तसंच वापरू नको. एक तर उद्या खरंच आत फेज लागला तर तुला वाचवणारं काही नाही. दुसरं, मशीन चालू असताना व्हीजीए किंवा पेनड्राइव्ह खुपसलास तर तेवढ्यानेही पोर्ट जाऊ शकतो.

घरमालकाशी बोल, इलेक्ट्रिशियन बोलव, खाली अर्थिंगचा रॉड ठोकून एक हिरवी वायर वर आण. नळाच्या पाइपला वायर बांधायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नको. न्यूट्रलला जोडून देतो म्हणेल, त्याला तर दारातूनच परत पाठव. तोवर पायात रबरी चप्पल, आणि काही लावायचं-काढायचं तर आधी बटण बंद.

---

पुनर्जन्म_पीसी
15 जुलै 2025, दुपारी 2.05

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी सुद्धा हेच होतं. मी वर्षभर समजत होते की माझ्या अंगातच वीज आहे.

अरे, आणि दुकानात वायफाय असेल ना?

---

चंद्रभागाकाठचा
24 जुलै 2025, रात्री 11.30

ताई, तुम्ही म्हणालात आणि डोक्यात प्रकाश पडला.

आधी अर्थिंग. घरमालक आजोबा म्हणाले, साठ वर्षं वाडा उभा आहे, कुणाला मुंग्या आल्या नाहीत. त्यांना चप्पल काढून कॅबिनेटला हात लावायला सांगणार होतो, पण आईने डोळे वटारले. शेवटी खर्च माझा या अटीवर परवानगी मिळाली. रॉड, वायर, मजुरी धरून 1,400. म्हणजे 28,400 मधले 150 रुपये उरले. मुंग्या गेल्या. गंमत म्हणजे आता आजोबांनी त्याच वायरीला खालचा फ्रिज जोडून घेतलाय.

मग शनिवारी दुकान बंद झाल्यावर कॅबिनेट चादरीत गुंडाळलं, मित्राच्या अॅक्टिव्हावर मधे धरून दुकानात नेलं. मालकांना आधी विचारलं होतं. राउटरच्या बाजूला ठेवून डाउनलोड लावला आणि फ्लेक्सच्या रोलवर आडवा झालो. डास होतेच. पहाटे काकड्याच्या सुमाराला जाग आली तेव्हा 97 टक्के झालं होतं.

सकाळी मालक आले, मशीन बघितलं. म्हणाले दहा बाय वीसची फाइल उघडून दाखव. आमच्या दुकानातल्या मशीनवर ती उघडायला लावली की मी चहा आणून पिऊन होतो. इथं मालकांची तंबाखू मळून व्हायच्या आत उघडली. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "हे कितीला पडलं?" मी म्हणालो, वीस हजार. आईला कळता कामा नये म्हणून सगळीकडं एकच आकडा ठेवलाय.

जीटीए काल रात्री उघडली. 768 वर, काही नॉर्मल काही हाय, साठच्या आसपास राहते, पावसात थोडी खाली येते. मिशन एकही केलं नाही. गाडी घेतली आणि समुद्राच्या कडेने नुसता फिरलो, तासभर. आई मागं येऊन बसली होती. म्हणाली, "हे कुठलं गाव?"

---

सोल्डरगन
25 जुलै 2025, सकाळी 7.55

वा.

नोव्हेंबरात कार्ड घेशील तेव्हा दोन गोष्टी. नव्या कार्डांना व्हीजीए नसतं. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर घ्यावा लागेल, नाहीतर मॉनिटर बदल. आणि आरएक्स 6400, 6500 एक्सटी कुणी गळ्यात मारलं तर नको म्हण. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या रस्त्याच्या फक्त चार लेनवर ती चालतात, आणि 5600जी चा रस्ता जुन्या जेन 3 चा, कमी वेगाचा आहे, त्यामुळे तुझ्याकडं ती लंगडतील. आरएक्स 6600 वापरलेलं बिलासकट मिळालं तर उत्तम. तुझा एसएमपीएस त्याला पुरतो, फक्त त्याला 8 पिनची वायर आहे का ते आत्ताच बघून ठेव.

आणि टेप घेऊन कॅबिनेट आतून मोज, मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत. कार्ड तेवढ्या लांबीत बसायला हवं, म्हणून किती मिलिमीटर आलं ते इथं लिही.

---

चंद्रभागाकाठचा
25 जुलै 2025, रात्री 11.15

8 पिनची वायर आहे, एक. टेप दुकानात राहिला होता, आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं. 285.